अकरा मैल

लेम्स्टर गावाबाहेर, सफरचंदांच्या बागेमागे
हिलरी प्रॉसरबाईंनी गॅरेजचं दार वर ढकललं.
आत फोर्ड कॅप्री, सत्त्याऐंशी सालची,
जुन्या औषधाच्या बाटलीसारखी गडद हिरवी.
काट्यावर एक हजार सातशे सोळा मैल.
फक्त,
असं जाहिरातीत होतं.

मी कॉव्हेंट्रीत एकतीस वर्षं गिअरबॉक्स जुळवले.
मला ‘फक्त’ या शब्दाची धास्ती वाटते.

घोंगडी अंथरून, विजेरी दातांत धरून खाली शिरलो.
सायलेन्सरवर कारखान्याचा कागदी बिल्ला अजून चिकटलेला.
टायरच्या कडेला चार आकडे: तेविसावा आठवडा, सत्त्याऐंशी.
रबराला नख लावलं तर नखच दुखलं.
क्लचच्या पेडलवर रेघा ताज्या.
टाकीला पेट्रोलचा नाही, शिळ्या वार्निशचा वास.
एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं,
पिवळ्या स्पंजचं, गोल, नीटनेटकं:
या गाडीत नांदलेला एकमेव संसार.

माझा मामा सांगोल्याच्या बाजारातला हेड्या.
बैलाचे दात नंतर बघायचा, आधी खांदा.
“दात जुळले, तरी मानेवर जुवाचा वळ नाही?
मग मालकाला विचार, का नाही जुंपला.
काय सांगतो ते ऐकू नकोस,
सांगताना कुठे बघतो ते बघ.”

म्हणून विचारलं.
बाई खिळ्याला टांगलेल्या चादरीकडे बघत होत्या.
“डेस्मंड म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात.”
वर्षातून एकदा एमओटीला न्यायचा,
साडेपाच मैल जाऊन, साडेपाच येऊन.
आल्यावर चाकं पुसायचा. चादर घालायचा.
“मी कधी बसले नाही हिच्यात.”

फोनवर मृदुला. “किती चाललीय?”
चाललीच नाही, म्हटलं.
“मग आता चालेल का?”

चोवीस हजार पौंड. घेतली, की चालवायची सोय नाही,
प्रत्येक मैलाला खिशातून नोट गळणार.
न चालवावी तर सील वाळणार, ब्रेक धरणार.
वापरलं तर झिजतं, ठेवलं तर गंजतं,
यातला कुठला तोटा आपल्याला परवडतो
तेवढंच बघायचं असतं, आणि तेच बघता येत नाही.

फाईल उघडली. वर्षावर वर्ष, गुलाबी पडलेले कागद.
मी वजाबाक्या करत गेलो.
अकरा. अकरा. बारा, रस्ता बंद असेल. अकरा.
शहाण्णव साली चारशे एकतीस.

बोलायला नको होतं.
पण गिऱ्हाइकाला भाव पाडायला कारण लागतं,
बोट आपोआप त्या आकड्यावर गेलं.

बाईंनी चष्मा शोधला. लावला.
“शहाण्णव,” म्हणाल्या. “मी बहिणीकडे होते तेव्हा,
ॲबरिस्टविथला. तीन आठवडे.
परत येणार नव्हते.”

ॲबरिस्टविथ इथून सत्तर मैल, मध्ये सगळे डोंगर.
चारशे एकतीसातून अकरा गेले.
पुढचं गणित मी केलं, त्यांनीही केलं असावं.
उत्तर कुणीच मोठ्याने वाचलं नाही.
बराच वेळाने त्या म्हणाल्या,
“दार वाजल्याचं काही आठवत नाही.”

कागदाची घडी झाली, घडीची घडी,
आणि ती कार्डिगनच्या खिशात गेली.
“हा एवढा मी ठेवते. चालेल ना?”

एक वर्ष गहाळ, म्हणजे इतिहासाला भोक.
दोन हजार तरी उतरायला हवेत.
मामाने रुमालाखाली माझं बोट तिथेच दाबलं असतं.
मी म्हटलं, चालेल.

त्यांना वाटलं, सौदा झाला.
किल्ली माझ्या तळहातावर ठेवून त्या चहा टाकायला गेल्या.
माझं अजून काहीच ठरलं नव्हतं.
फिरवून बघितली. बॅटरी मेलेली.

मग मी बाहेर आलो,
एक लाख अडतीस हजार मैल झालेली माझी होंडा
मागे घेत घेत गॅरेजच्या तोंडाशी लावली
आणि डिकीतून केबल काढू लागलो.